अन्नाविषयी प्रसन्नता : पथ्याचे पहिले अंग

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीर धारण करणारे तीन उपस्तंभ होत, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो. त्यांत आहाराला प्रथम स्थान आहे. असे असूनही आपल्या नित्याच्या व्यवसायात आहाराचा विचार बहुतांशी द्रव्यापाशी येऊन थांबतो. अमुक पदार्थ वातल, अमुक पित्तकर, अमुक अभिष्यंदी; हा घ्यावा, तो वर्ज्य करावा, अशी यादी रुग्णाच्या हाती दिली जाते आणि पुढचा रुग्ण आत येतो. ते अन्न ज्याच्या पोटात जावयाचे, तो मनुष्य आपल्या ताटाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

संहिताकारांनी मात्र हा प्रश्न चिकित्सेच्या परिघाबाहेर ठेवलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार पालघर जिल्ह्याच्या सीमेवरील वेवजी आणि भोवतालचा डहाणू-तलासरी परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. अन्नाविषयीची मनोवृत्ती बिघडण्याचे दोन प्रमुख प्रकार, म्हणजे आपल्या अन्नाची लाज आणि अन्नाची भीती, या परिसरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराच्या हिताहिताचा निर्णय आठ गोष्टींवर सोपविला आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही ती अष्ट आहारविधिविशेषायतने. यांतील द्रव्याची प्रकृती, संस्कार, संयोग आणि मात्रा यांची चर्चा आपण हिरिरीने करतो. आठवा घटक जो उपयोक्ता, म्हणजे प्रत्यक्ष जेवणारा, तो मात्र यादीच्या शेवटी असल्यामुळे की काय, दुर्लक्षित राहतो. अभ्यासाने अंगवळणी पडलेले ओकसात्म्य हे याच उपयोक्त्याच्या अधीन असते, असे आचार्यांनी तेथेच स्पष्ट केले आहे.

याच अध्यायात पुढे जेवणाचा विधी येतो. अन्न उष्ण, स्निग्ध व मात्रायुक्त असावे, पूर्वीचे जीर्ण झाल्यावर घ्यावे, वीर्यविरुद्ध नसावे, इष्ट स्थळी व इष्ट उपकरणांसह घ्यावे, अति घाईने वा अति संथपणे घेऊ नये, न बोलता, न हसता, तन्मनस्क होऊन घ्यावे आणि हे मला मानवते, हे मानवत नाही असा स्वतःचा नीट विचार करून घ्यावे. या नियमांत पदार्थांची नावे नाहीत. निम्म्याहून अधिक नियम जेवणाऱ्याच्या वृत्तीशी व वर्तनाशी निगडित आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्रिविधकुक्षीय अध्यायात तर याहून स्पष्ट इशारा आहे. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरीही चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखकारक शय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असे चरकाचार्य सांगतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शेहेचाळिसाव्या अध्यायात हीच कारणे ईर्ष्या, भय, क्रोध, लोभ, दैन्य आणि प्रद्वेष अशी गणली आहेत आणि माधवनिदानाने अजीर्णाच्या निदानात त्यांचा स्वीकार केला आहे. यांपैकी दैन्य आणि भय हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढील विवेचन या दोहोंभोवतीच आहे.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाची साक्षही याच बाजूची आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न जठरात पोहोचण्यापूर्वीच, ते पाहून व त्याच्या इच्छेने जठररस स्रवू लागतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर अग्नी पहिल्या घासाच्या आधीच सिद्ध होऊ लागतो. जेथे इच्छेच्या जागी लाज वा भीती असते, तेथे ही सिद्धता उणी पडते.

वेवजी परिसरातील ताट

वेवजी हे तलासरी तालुक्यातील, गुजरात राज्याच्या सीमेला लागून असलेले गाव. पलीकडे लगेच वलसाड जिल्ह्यातील उंबरगाव तालुका लागतो. तेथील औद्योगिक वसाहतीत सीमेवरील गावांतून पुष्कळ स्त्री-पुरुष कामाला जातात. पश्चिमेस घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि समुद्रकिनारा, पूर्वेस डोंगरउतार आणि जंगल. वस्ती मुख्यतः वारली व अन्य आदिवासी समाजांची असून वारली बोली, मराठी आणि गुजराती या तिन्ही भाषा कानी पडतात.

या परिसराचे परंपरागत ताट साधे आहे. पावसाळी भातशेतीचा तांदूळ, डोंगरउतारावरची नागली व वरई, तूर आणि उडीद, तांदळाची वा नागलीची भाकरी, पेज, आंबील, किनाऱ्यावरून येणारे सुके बोंबील व सुकट, ओढ्याचे मासे व खेकडे, आणि पहिल्या पावसापासून उगवणाऱ्या रानभाज्या. कवळी, टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळे, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, अशी ही रानभाज्यांची मालिका पावसाच्या नक्षत्रांबरोबर पुढे सरकते. जांभूळ, करवंद, ताडगोळे ही ऋतूची फळे.

या ताटामागे केवळ उपलब्धता नाही, ज्ञानही आहे. शेवळे नुसते शिजविल्यास घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. शेवळे बाजारात येते तेव्हा त्याच्या शेजारी काकडेही विक्रीस असतात, ते याचसाठी. वास्ते चिरून पाण्यात ठेवतात व उकळून पाणी टाकतात. कडूकंदाच्या चकत्या राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्यावरच तो खाण्यायोग्य होतो. चरकाचार्य ज्याला करण म्हणजे संस्कार आणि संयोग म्हणतात, त्याची ही जिवंत उदाहरणे होत. ती वारली गृहिणीने ग्रंथ न वाचता पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत.

अन्नाविषयीचा आदरही या समाजात मूळचा आहे. कणसरी ही धान्याची देवता. नवे धान्य देवाला अर्पण केल्यावाचून घरात खाल्ले जात नाही. भिंतीवरची वारली चित्रेदेखील तांदळाच्या पिठाने रेखिली जातात. अन्न प्रथम पूज्य, मग भोज्य, ही धारणा येथे शिकवावी लागत नव्हती.

दैन्याने घेतलेले अन्न

मग ही धारणा ढळली कशी? एक कारण इतिहासात आहे. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्यावर पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य, म्हणजे खावटी, कर्जाऊ घ्यावी लागे आणि ती व्याजासह वा वेठीने फेडावी लागे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी गावी भरलेल्या सभेपासून शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. त्याने वेठ संपविली. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भाकरी कर्जाने खाल्ली, त्याच्या मनात स्वतःच्या अन्नाविषयी एक दबलेपणा राहून जाणे अस्वाभाविक नव्हे.

दुसरे कारण वर्तमानाचे आहे. कारखान्याच्या पाळीत डबा उघडताना शेजाऱ्याच्या डब्यात गव्हाची पोळी दिसते आणि आपली काळसर भाकरी झाकून खावीशी वाटते. शाळकरी मुलाला पाच रुपयांचे बिस्किटाचे वा कुरकुरीत पुडके हे प्रगतीचे चिन्ह वाटते आणि घरची आंबील हे गरिबीचे. पाहुणा आला की रानभाजी मागे सरते आणि दुकानातून बटाटे आणले जातात. रानात फिरून भाजी आणणाऱ्या आजीला नातवंडे हसतात. सुश्रुताचार्यांचा दैन्य हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. अन्न तेच असते, पण ते मान खाली घालून घेतले जाते, किंवा टाळले जाते.

या लाजेची किंमत शरीर मोजते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. नागली भिजवून, मोड आणून वा आंबवून घेतल्यास त्यातील खनिजांचे शोषणही सुधारते, म्हणजे आंबील करणारी गृहिणी योग्य तेच करीत होती. नागली सोडून पुडक्याकडे वळलेल्या गरोदर स्त्रीने दुधाचा पर्याय नसताना कॅल्शियमचा जवळचा स्रोत गमावलेला असतो. पुढे तिलाच आपण कॅल्शियमच्या गोळ्या वा भस्मे लिहून देतो.

यातील विरोधाभास असा की, भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि मुंबईच्या मोठ्या दुकानांत नागलीची बिस्किटे व पीठ चढ्या दराने विकले जाऊ लागले. मुंबईत जे आरोग्याचे लक्षण ठरले, तेच तलासरीत दारिद्र्याचे लक्षण राहिले. द्रव्य एकच, उपयोक्त्याची दृष्टी भिन्न.

भयाने घेतलेले अन्न

आता दुसरी बाजू. डहाणू, बोर्डी, तलासरी येथील नोकरदार व व्यापारी कुटुंबांत, आणि आता पाड्यांवरील सुशिक्षित तरुणांतही, अन्नाविषयी निराळीच व्याधी दिसू लागली आहे. भात खाल्ला की वजन वाढेल, तूप खाल्ले की हृदय बंद पडेल, वांगे खाल्ले की अंगावर उठेल, रात्री दही म्हणजे विष, फळ आणि दूध एका दिवसात म्हणजे कुष्ठ. यांतील काही विधानांना शास्त्राधार आहे, काही अर्धवट ऐकीव आहेत, काही निव्वळ भ्रम आहेत. मोबाइलच्या पडद्यावरून ती सर्व एकाच आवाजात कानी पडतात. परिणामी मनुष्य प्रत्येक घासाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि एखाद्या लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या तर दुसऱ्या दिवशी लंघन करून स्वतःला शिक्षा करतो.

या प्रवृत्तीला अमेरिकेतील स्टीव्हन ब्रॅटमन या वैद्यकीय व्यावसायिकाने १९९७ साली ऑर्थोरेक्सिया हे नाव दिले. शुद्ध, निर्दोष आहाराचा ध्यास इतका वाढतो की जगणेच आकुंचित होते, असा त्याचा आशय. हे लक्षण ब्रॅटमन यांना पर्यायी चिकित्सा व आहारोपचार यांच्या वर्तुळातच प्रथम जाणवले होते, ही बाब आपल्या क्षेत्राने विशेष गांभीर्याने घ्यावी.

अति निर्बंधाचा मनावर काय परिणाम होतो, याचा एक जुना दाखला उद्बोधक आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबरच त्यांचे सर्व चित्त अन्नावर खिळले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, स्वप्नात अन्न पाहू लागले, चिडचिडे व खिन्न झाले आणि प्रयोग संपल्यावरही कित्येकांना पोट भरल्याची जाणीव नीट होईना. हा प्रयोग उपासमारीचा होता, आपल्या पथ्याचा नव्हे, हे खरे. तथापि महिनोन्‌महिने अपुऱ्या व कंटाळवाण्या आहारावर ठेवलेला रुग्ण एक दिवस पथ्य झुगारून अधाशासारखा का खातो, याचा उलगडा यातून होऊ शकतो. त्याला केवळ जिह्वालौल्य म्हणून दोष देणे पुरेसे नाही.

आपल्या चिठ्ठीवरील वर्ज्य पदार्थांची यादी या भयात भर घालते काय, याचा विचार प्रत्येकाने करावा. चिकूवाडीत दिवसभर फळे उतरविणाऱ्या मधुमेही मजुराला फळ सर्वथा वर्ज्य असे लिहून दिले, तर तो पहिला आठवडा घाबरून पाळतो, दुसऱ्या आठवड्यात चोरून खातो आणि तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात येणेच सोडतो. चिकू मधुर व गुरू आहे, त्याची मात्रा मोजकी हवी, एका वेळी किती, जेवणानंतर लगेच नको, रक्तशर्करा किती असताना मुळीच नको, हे समजावून सांगितले तर राशी आणि काल या दोन आयतनांचा उपयोग होतो आणि मनुष्य आपल्या हातचा निसटत नाही.

प्रसन्नता म्हणजे स्वैराचार नव्हे

येथे एक आक्षेप येऊ शकतो. मन प्रसन्न राहावे म्हणून वाटेल ते खाऊ द्यावे काय? तसे मुळीच नाही. केवळ आवडीपोटी वा अज्ञानापोटी अन्न घेऊ नये, परीक्षा करूनच हितकर ते घ्यावे, असा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायाचा आदेश आहे. लोभ हेही सुश्रुतोक्त कारणांपैकी एक आहे. प्रसन्नता म्हणजे लोभ नव्हे. ती भय आणि लोभ या दोहोंपासून मुक्त अशी अवस्था होय.

रानधान्यांचे कौतुकही तारतम्याने करावे लागेल. कोद्रव, श्यामाक आदी तृणधान्ये चरकाचार्यांनी कषाय-मधुर, लघू, वातल व ग्राही वर्णिली आहेत. वातप्रकृतीच्या, कृश, मलबद्धतेने त्रस्त मनुष्याला ती स्नेहावाचून रोज देणे योग्य नव्हे. नागली-वरईचा विचार याच अंगाने करून सोबत उडदाची डाळ, खुरासणी वा तिळाचे तेल, शक्य तेथे तूप, अशी योजना करावी.

या दोन टोकांमधला मार्ग चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात सापडतो. सतत तेच तेच खाल्ल्याने किंवा चव नसल्याने पथ्याविषयी द्वेष उत्पन्न झाला, तर निरनिराळ्या कल्पनांनी ते पथ्य पुनः प्रिय करावे, असे आचार्य सांगतात. आणि मनाला अनुकूल अशा अन्नाने तुष्टी, ऊर्जा, रुची व बल यांचा लाभ होतो व त्यायोगे व्याधीचे बल घटते, असे कारणही देतात. म्हणजे पथ्य प्रिय करणे हे चिकित्सेचे कार्य आहे. रुग्णाला पथ्य आवडत नसेल, तर तो जसा रुग्णाचा प्रश्न आहे तसाच तो चिकित्सकाच्या कौशल्याचाही आहे. अग्र्यसंग्रहात हर्ष हा प्रीणन करणाऱ्या भावांत श्रेष्ठ आणि विषाद हा रोग वाढविणाऱ्या भावांत अग्रणी गणला आहे, याचीही येथे आठवण होते.

चिकित्सकाने काय करावे

वरील विवेचनातून काही व्यवहार्य सूत्रे निघतात.

१. प्रथम ताट विचारावे. काय खाऊ नये हे सांगण्यापूर्वी, घरात काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय शिजले, कोणी शिजविले, कोण कोठे बसून जेवले, हे विचारावे. आदिवासी रुग्णा पहिल्या भेटीत डाळ-भात एवढेच सांगते. रानभाजी, खेकडे, सुकट ही नावे ती वैद्यासमोर उच्चारत नाही. ती नावे आपण स्वतः घ्यावीत. शेवळे आली काय, आंबील करता काय, असे विचारताच बोलणे मोकळे होते. आपले अन्न वैद्याला ठाऊक आहे, एवढ्यानेच दैन्याचा अर्धा भार उतरतो.

२. वर्ज्याआधी ग्राह्य लिहावे. चिठ्ठीवर प्रथम त्या घरात असलेले आणि त्या रुग्णाला हितकर असे चार-पाच पदार्थ लिहावेत. वर्ज्य पदार्थ त्या व्याधीत खरोखर अपायकारक असतील तेवढेच, शक्यतो तीनाच्या आत ठेवावेत. प्रत्येकाचे कारण व कालमर्यादा सांगावी. आमवातात पंधरा दिवस दही नको, हे वाक्य पाळले जाते. दही कधीच नको, हे पाळले जात नाही.

३. पादांशिक क्रम वापरावा. अहितकर सवय एकदम न सोडविता थोडी थोडी, क्रमाने सोडवावी व हितकर सवय त्याच क्रमाने लावावी, हे सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील सूत्र आहे. दिवसातून चार पुडकी बिस्किटे खाणाऱ्या मुलाची एका वेळी एकच वेळ बदलावी. त्या जागी नागलीची गुळातली लापशी वा भाजलेले शेंगदाणे-गूळ सुचवावे.

४. कल्पना बदलावी. नागलीची भाकरी नको असेल तर आंबील, लापशी, सत्त्व, लाडू, डोसा अशा कृती सांगाव्यात. टाकळ्याची भाजी मुलांना कडवट लागत असेल तर ती डाळीत घालावी. पदार्थकृतीची एक छोटी पत्रिका दवाखान्यात ठेवल्यास वर्ज्यांच्या यादीपेक्षा ती अधिक वाचली जाते.

५. पाळीचा विचार करावा. रात्रपाळीच्या कामगाराला सूर्यास्तापूर्वी जेवा असे सांगणे निरुपयोगी आहे. जागरण हे स्वतःच अपचनाचे कारण असल्याने पाळीवर जाण्यापूर्वी मुख्य जेवण, मध्यरात्री पेज वा भाजलेले हलके धान्य आणि सकाळी झोपण्यापूर्वी लघू आहार, असा क्रम त्याच्या घड्याळाप्रमाणे बसवून द्यावा.

६. एक जेवण तरी निवांत असावे. दिवसातून एकदा घरातील सर्वांनी मोबाइल व दूरदर्शन बंद ठेवून एकत्र जेवावे. चरकाचार्यांनी जेवताना बोलण्या-हसण्याचा निषेध केला आहे तो चित्त विचलित होऊ नये म्हणून. सोबतीचा निषेध त्यांनी केलेला नाही. ब्राझील देशाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेतही पोषकतत्त्वांच्या कोष्टकांपेक्षा नियमित वेळी, लक्षपूर्वक, स्वच्छ जागी व शक्य तेव्हा सोबतीने जेवण्यावर भर दिला आहे. उपयोगसंस्थेचा विचार अन्यत्रही वेगळ्या शब्दांत मांडला जात आहे, याचे ते उत्तम उदाहरण होय.

७. वजनाचा काटा जपून वापरावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया अतिकृश होत्या, तर सुमारे २३ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. एकाच प्रतीक्षाकक्षात दोन्ही प्रकारच्या रुग्णा बसलेल्या असतात. एकीला सर्वांदेखत बारीक हो म्हणणे किंवा दुसरीला हडकुळी म्हणणे, हे दोन्ही अग्नीला मारक आहे.

औषधविक्रेत्यांचे उत्तरदायित्व

या परिसरात पुष्कळ रुग्ण प्रथम औषधाच्या दुकानात जातात. भूक लागत नाही, मूल खात नाही, वजन वाढत नाही, वजन उतरत नाही, या चार तक्रारींवर रोज कितीतरी बाटल्या व डबे खपतात. दीपन-पाचन औषधांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु मूल का खात नाही, याचे उत्तर जेवणाआधी अर्धा तास दिलेल्या बिस्किटाच्या पुड्यात असेल, तर दोन घडी थांबून तेवढे विचारणारा विक्रेता बाटली विकणाऱ्यापेक्षा अधिक काळ त्या कुटुंबाचा विश्वास मिळवितो.

कायद्याची मर्यादाही स्मरणात असावी. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलता व उंची यांचा समावेश आहे. वजन उतरविण्याची वा उंची वाढविण्याची ग्वाही देणारे फलक दुकानात लावण्याआधी याचा विचार व्हावा. तसेच २०२२ सालच्या आयुर्वेद आहार विनियमांनी ग्रंथोक्त आहारकल्पनांना अन्न म्हणून स्वतंत्र ओळख दिली असली, तरी दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचे अन्न त्या वर्गात येत नाही. तान्ह्या मुलासाठी पूरक आहार म्हणून असे डबे सुचवू नयेत.

एक सूचना करावीशी वाटते. दुकानाच्या दर्शनी कपाटात डब्यांच्या रांगेशेजारी स्थानिक बचतगटांनी केलेले नागलीचे सत्त्व वा लाडू, आवश्यक परवाना व लेबल पाहून, ठेवावेत. आपल्याच शेतातील धान्य औषधालयाच्या काचेमागे पाहिले की त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. व्यापारही होतो.

एक अनिवार्य मर्यादा

मनोवृत्तीचा हा सर्व विचार ज्याच्या घरात पुरेसे अन्न आहे त्याच्यासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे १९९२ साली झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. भाताची कापणी संपली की अनेक कुटुंबे आजही वीटभट्ट्यांवर व अन्यत्र कामाला जातात आणि रानभाज्यांचे, आंबिलीचे ताट मागे राहते. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटण्याची खात्री नाही, तेथे प्रसन्न चित्ताने जेवा असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल.

अशा वेळी आपले कर्तव्य निराळे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण समजून विलंब न लावता शासकीय रुग्णालयात अथवा पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे. बाटली देऊन वाट पाहू नये. तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने गरोदर व स्तनदा मातांना २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळण्याची तरतूद झाली. रुग्णेला ते मिळते काय, हे विचारणे आणि अंगणवाडीताईंशी परिचय ठेवणे हा चिकित्सेचाच भाग मानावा.

अंगणवाडी ही कल्पनाही याच भूमीची देणगी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते कार्य वाढविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. शिक्षणाविषयी त्यांनी जे केले, तेच आहाराविषयी आपणांस करावयाचे आहे. आपले पथ्य रुग्णाच्या अंगणात, त्याच्या चुलीपाशी नेऊन बसविले पाहिजे.

समारोप

औषध काही दिवसांचे असते, अन्न आयुष्यभराचे. दिवसातून दोनदा वा तीनदा मनुष्य ताटासमोर बसतो. त्या प्रत्येक वेळी तो लाजेने वा भीतीने ग्रासलेला असेल तर आपली उत्तमोत्तम योजनाही अपुरी ठरेल. उलट, आपले अन्न चांगले आहे, ते आपल्याला मानवते, त्यात काय बदलावयाचे ते आपल्याला कळते, असा विश्वास त्याला वाटला, तर थोड्या औषधानेही पुष्कळ साधते.

पावसाळा सुरू झाला की तलासरी व डहाणूच्या बाजारांत रानभाज्या घेऊन बसलेल्या स्त्रिया दिसतील. वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधविक्रेत्यांनी एकदा त्यांच्यासमोर थांबावे, भाजीचे नाव व कृती विचारावी, घरी नेऊन खावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला तिची चव सांगावी. वैद्याच्या घरी आपली भाजी शिजते, हे त्या रुग्णाला कळेल तेव्हा पथ्याची चिठ्ठी लिहिण्याचे निम्मे काम झालेले असेल.